पऱ्यांची उसनवारी : ऐतिहासिक फँटसीचा दुसरा भाग लिहिताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या पहिल्या कादंबरीची नायिका केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात शिकलेली. १९०२ साली ती स्कॉटलंडच्या पश्चिमेला, हेब्रिडीज बेटांवर पऱ्यांच्या आख्यायिका गोळा करायला जाते. तिथे सरकारी नकाशाखात्यातला एक मोजणीदार भेटतो. तो परीटेकडीत गडप होतो, हॅलोवीनच्या रात्री ती त्याच्या डोक्यावरून सुरी फेकून त्याला सोडवते आणि दोघांचं जमतं. पुस्तक वाचकांना आवडलं. दुसरा भाग सात वर्षांनी, १९०९ मध्ये घडवायचा आहे. प्रकाशक म्हणतात जग मोठं करा, पऱ्यांची आणखी दोन-तीन राज्यं दाखवा, तगडा खलनायक आणा. तुम्हाला वाटतं, तसं केलं तर पुस्तकाची ऊब जाईल. नाही केलं तर लिहायला उरलंय काय, प्रेम तर जमून गेलं. शिवाय नायिकेची विद्वत्ता चष्मा, वही आणि बोटांवरचे शाईचे डाग एवढ्यावरच भागू नये, असंही तुम्ही म्हटलंय.

लोकसाहित्य शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि आता इतरांच्या कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचून देते. माझं मत स्पष्ट आहे: जग आहे तेवढंच ठेवा, उधारी वाढवा. पहिल्या भागात नायिकेला बरंच काही फुकटात मिळालंय. म्हाताऱ्यांनी गोष्टी सांगितल्या, बेटाने आसरा दिला, टेकडीने माणूस परत दिला. या सगळ्याची वसुली दुसऱ्या भागात सुरू होऊ द्या. नवा खलनायक लागणार नाही, आणि ऊबही जाणार नाही, कारण देणंघेणं हे घराघरांत, उंबऱ्यावरच चालतं.

हे मी कादंबरीच्या सोयीसाठी म्हणत नाही. ब्रिटन-आयर्लंडच्या जुन्या परीकथांमध्ये जादू कमी आणि व्यवहार जास्त आहे. शेजारीण येते, वाटीभर ओटचं पीठ उसनं मागते, दुसऱ्या दिवशी परत करते, आणि ती शेजारीण टेकडीतली असते. ब्राउनी नावाचा घरगडी रात्री येऊन मळणी करून जातो. त्याच्यासाठी सायीचं भांडं चुलीपाशी ठेवायचं, पण ‘ही तुझी मजुरी’ असं म्हणायचं नाही. दया येऊन कुणी त्याला कपडे शिवून ठेवले की तो जातो तो कायमचा. परीलोकात काही खायचं नाही, कारण खाल्लं की तुम्ही तिथले झालात. या लोकांना नावाने हाकही मारायची नाही, ‘भले लोक’, ‘शांत लोक’ असं काहीतरी म्हणायचं. आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, तसंच. या समाजात प्रत्येक कृपेला अट आहे आणि प्रत्येक अटीला मुदत. पहिल्या भागात हे सगळं वातावरण म्हणून वापरता येतं. दुसऱ्या भागात त्याच अटी अक्षरशः लागू करायच्या.

तुमच्या मुदतीचं गणित तर आयतंच जुळलंय. कार्टरहॉच्या रानातल्या टॅम लिनचं स्कॉटिश पोवाड्यासारखं गाणं तुम्हाला माहीत असणारच. परीराणीने पळवलेला हा तरुण जॅनेटला सांगतो की पऱ्या दर सात वर्षांनी नरकाला एक जीव खंडणी म्हणून देतात, आणि या खेपेला तो आपण असू अशी त्याला भीती आहे. हॅलोवीनच्या मध्यरात्री पऱ्यांची स्वारी निघते तेव्हा जॅनेट त्याला पांढऱ्या घोड्यावरून ओढून घट्ट धरते. तिच्या हातात तो सरडा होतो, साप होतो, अस्वल होतो, शेवटी धगधगता निखारा होतो, पण ती सोडत नाही. लोक इथे थांबतात आणि टाळ्या वाजवतात. गाणं मात्र थांबत नाही. राणी चिडून म्हणते, हे आधी कळलं असतं तर तुझे करडे डोळे काढून लाकडाचे बसवले असते. म्हणजे राणीचा हिशेब बंद झालेला नाही. तिचा एक जीव कमी पडला, आणि खंडणी तर दर सात वर्षांनी द्यायचीच आहे. १९०२ मध्ये तुमच्या नायिकेने सोडवून आणला तो जीव कुणाच्या नावावर लागला होता? त्याच्या जागी कोण गेलं? बेटावरचं कुणी त्या वर्षी बेपत्ता झालं का, आणि ते नायिकेने वहीत टिपलं, पण दोन गोष्टींचा संबंध लावला नाही, असं झालं तर? तुमचा दुसरा भाग इथे सुरू होतो.

सुरीचा प्रसंग तुम्ही रॉबर्ट कर्कच्या आख्यायिकेवरून घेतलाय हे दिसतंच. हा ॲबरफॉइल गावचा धर्मोपदेशक, विद्वान माणूस, गॅलिक (तिथली जुनी भाषा) बायबलच्या कामात त्याचा हात होता. पऱ्या आणि दिव्यदृष्टी यांवर त्याने १६९१-९२ च्या सुमाराला एक प्रबंध लिहिला. तो छापला जायला १८१५ उजाडलं, आणि तोही कादंबरीकार वॉल्टर स्कॉटमुळे. कर्क स्वतः १६९२ च्या मे महिन्यात गावाजवळच्या डून हिलवर, रात्रीच्या कपड्यांत, मरून पडलेला सापडला. लोक म्हणाले, मेला नाही, गुपितं लिहिली म्हणून नेला. मग तो एका नातेवाइकाला दिसला आणि निरोप दिला: माझ्या बाळाच्या बाप्तिस्म्याला मी प्रकट होईन, तेव्हा डुक्रेच्या ग्रॅहमने माझ्या डोक्यावरून सुरी फेकावी, मी सुटेन. तो खरोखर प्रकट झाला. ग्रॅहम थक्क होऊन बघत राहिला आणि सुरी हातातच राहिली.

या आख्यायिकेत सुटका फसते, तुम्ही ती यशस्वी केलीत. चांगलं केलंत. पण कर्क कशासाठी नेला गेला ते विसरू नका. त्याने ऐकीव ज्ञान कागदावर उतरवलं म्हणून. तुमच्या नायिकेचाही गुन्हा तोच आहे, फक्त अजून तिला नोटीस आलेली नाही.

आता विद्वत्तेकडे येते, कारण माझ्या मते ही कादंबरी तिथेच जमेल किंवा बिघडेल. विद्वान माणूस कथेत दाखवायचा म्हणजे त्याच्या तोंडी माहिती घालायची, असा सर्रास समज असतो. माहिती वाचकालाही मिळते. विद्वान ओळखू येतो तो त्याने काय नोंदवलं, काय गाळलं आणि कुणाला श्रेय दिलं यावरून. १८६० च्या सुमाराला जॉन फ्रान्सिस कॅम्पबेल यांनी पश्चिम हायलँड्समधल्या कथांचे चार खंड काढले. त्यात कथेखाली सांगणाऱ्याचं नाव, धंदा, गाव दिलेलं असतं. सांगणारा कोळी, भटका कल्हईवाला, कुणीही असो. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. याच्या दुसऱ्या टोकाला जेम्स फ्रेझर, जगभरच्या चालीरीतींवर खंडच्या खंड लिहिणारा, पण पुस्तकांच्या ढिगातून न उठणारा. तुमची नायिका या दोघांच्या मधल्या काळातली आहे. १८९८ मध्ये केंब्रिजहून मानववंशशास्त्रज्ञ हॅडन ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या टॉरेस सामुद्रधुनीत फोनोग्राफ घेऊन गेला होता, तेव्हा तिच्याकडेही मेणाच्या नळकांड्यांचा फोनोग्राफ असू शकतो. एका नळकांड्यावर दोन-चार मिनिटंच मावतात, हे मात्र ध्यानात ठेवा. तासभर चालणारी कथा सांगणाऱ्या म्हाताऱ्याला दर दोन मिनिटांनी थांबवायचं म्हणजे काय होईल, याचा विनोदी प्रसंग कुणीतरी लिहायलाच हवा.

पण विनोदापेक्षा मोठी गोष्ट तुमच्याच बेटांवर, तुमच्याच काळात घडलीय. ॲडा गुडरिच फ्रीअर नावाची बाई १८९४-९५ च्या सुमाराला दिव्यदृष्टीच्या तपासासाठी हेब्रिडीजला गेली. तिला गॅलिक जेमतेम. एरिस्के बेटावरचे पाद्री, फादर ॲलन मॅक्डॉनल्ड, कित्येक वर्षं बेटकऱ्यांकडून ऐकलेलं सगळं वह्यांमध्ये उतरवत होते. मोठा माणूस, स्वतः कवी. त्यांनी विश्वासाने वह्या तिला वापरायला दिल्या. पुढे तिचे लेख आले, व्याख्यानं झाली, १९०२ मध्ये बेटांवरचं पुस्तक आलं. त्यात वह्यांतला मजकूर ठिकठिकाणी जवळजवळ जसाच्या तसा. पाद्रीबाबांचे आभार होते, पण वाचणाऱ्याला वाटावं की गोळा करणारी हीच. फादर ॲलन १९०५ मध्ये वारले. जॉन लॉर्न कॅम्पबेल (हे वेगळे, नंतरचे अभ्यासक) यांनी पुढे त्या वह्या मिळवून मजकूर ताडून पाहिला, आणि ते सगळं प्रकरण पुस्तकरूपाने आलं १९६८ मध्ये.

तुमची नायिका फ्रीअरसारखी लबाड नको, वाचक तिच्यावर प्रेम करतात. पण पहिल्या भागात तिलाही कुणीतरी अशीच वही दिली असेल, किंवा एखाद्या आजीने ‘हे लिहू नकोस हो’ म्हणून शेवटची गोष्ट सांगितली असेल. सात वर्षांत तिचा ग्रंथ छापून आलाय. ती गोष्ट त्यात आहे का? असली तर कुणाच्या नावाने? कोकणात आसरांबद्दल, म्हणजे पाण्यातल्या देवतांबद्दल, विचारताना मी पाहिलंय, विहिरीच्या काठावर बायका अवाक्षर बोलायच्या नाहीत. घरी, चुलीपाशी बसल्यावर सगळं सांगायच्या, आणि वर म्हणायच्या, तिथे वाचून दाखवू नका म्हणजे झालं. सांगणाऱ्याची अशी अट असतेच. ती अट म्हणजे विद्वानावरचं कर्ज, आणि ते पऱ्यांच्या कर्जाच्या जातीचंच आहे.

मराठी वाचकाला हा धागा जवळचा वाटेल, कारण तो आपल्याही अंगणातून गेलाय. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी हिने १८६८ मध्ये दख्खनच्या कथांचं पुस्तक लंडनला छापलं. कथा सांगणारी होती तिच्याजवळची आया, ॲना लिबरेटा डिसोझा. १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर वेळ जावा म्हणून सुरू झालेलं हे सांगणं. मेरीने निदान ॲनाचं नाव दिलं, तिची जीवनकथाही तिच्याच तोंडून पुस्तकात घातली, हे तिचं मोठेपण. तरी मुखपृष्ठ मेरीचंच. आणि तुमच्या कादंबरीच्या वर्षाअखेरीस, डिसेंबर १९०९ मध्ये, नाशिकला नाट्यगृहात अनंत कान्हेरेंच्या गोळीने मारला गेलेला कलेक्टर जॅक्सन हाही लोकसमजुती गोळा करणारा होता. त्याच्या मागे राहिलेलं साहित्य एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने लावून १९१४-१५ मध्ये गुजरात आणि कोकणच्या नोंदी म्हणून छापलं. त्या नोंदींतली बरीचशी माहिती गावोगावच्या मास्तरांनी लिहून पाठवलेली. हे कादंबरीत कोंबू नका. स्कॉटलंडची गोष्ट स्कॉटलंडातच राहू दे. फार तर लंडनच्या फोकलोर सोसायटीच्या बैठकीत मुंबई इलाख्यातून आलेल्या एखाद्या पत्राचा उल्लेख पुरे. जाणकाराला कळेल.

नायिकेचं केंब्रिजमधलं स्थानही उधारीचंच आहे. न्यूनहॅममध्ये मुली शिकत, परीक्षा देत, पास होत, पण पदवी नाही. १८९७ मध्ये पदवी द्यावी का यावर मतदान झालं तेव्हा विरोधकांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा भर रस्त्यात टांगला. प्रस्ताव प्रचंड मतांनी पडला, मग पुतळ्याची मोडतोड करून जल्लोष. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. मात्र १९०४ ते १९०७ या काळात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अशा मुलींना आपली पदवी द्यायचं ठरवलं. मुली बोटीने डब्लिनला जायच्या, पैसे भरायच्या, झगा घालून पदवी घ्यायच्या आणि परत यायच्या. सातशेच्या आसपास बायकांनी असं केलं आणि त्यांना ‘स्टीमबोटवाल्या’ असं नाव पडलं. तुमची दोन पुस्तकं नेमकी या काळाच्या दोन बाजूंना आहेत! मधल्या वर्षांत ती डब्लिनला जाऊन आलेली दाखवा. स्वतःच्या विद्यापीठाने नाकारलेली पदवी दुसऱ्या विद्यापीठाकडून, समुद्र ओलांडून, रोख मोजून आणलेली. अशा बाईला टेकडीतल्या राणीशी घासाघीस करायची भीती वाटणार नाही. आणि एखादा जुना सहकारी तिच्या नावापुढच्या डब्लिनच्या अक्षरांकडे बघून ओठ मुडपत असेल, तर तोच तुमच्या भागाचा खलनायक, आणखी कशाला हवा?

ऊब टिकवण्याबद्दल. ऊब म्हणजे धोका नसणं, असं धरून लिहिलेली हस्तलिखितं माझ्याकडे फार येतात, आणि ती चाळीस पानांत गारठतात. बाहेर थंडी असली तरच आतल्या शेकोटीला अर्थ. परीविश्वासाच्या पोटात खरा अंधार आहे आणि तुमच्या नायिकेला तो माहीत असणारच. मार्च १८९५ मध्ये आयर्लंडच्या टिपररी परगण्यात मायकल क्लिअरीने आपली बायको ब्रिजेट हिला जाळलं. ही माझी बायको नव्हे, पऱ्यांनी ठेवलेली बदली आहे, असं त्याचं म्हणणं. खरी बायको किलनग्रॅनाच्या गढीतून पांढऱ्या घोड्यावर बसून येईल म्हणून तो तिथे वाट बघत थांबला होता. खटला गाजला, वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले, त्याला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा झाली. १९०९ मधल्या कुठल्याही परी-अभ्यासकाच्या मनात हे प्रकरण असणारच. पांढरा घोडा, धरून ठेवणं, विस्तव, सगळी सामग्री टॅम लिनच्या गाण्यातलीच आहे, फक्त इथे बाई राख झाली.

हे कादंबरीत कसं आणायचं? प्रसंग म्हणून नाही. तुमच्या नायकाच्या वागण्यात सात वर्षांनंतरही काही खटकतं असं समजा. झोपेत अनोळखी सूर गुणगुणतो, मीठ चालत नाही. बेटावरची एखादी शहाणी बाई नायिकेला हळूच म्हणते, तू आणलंस ते तोच आहे ना, खात्री केलीस? बदली ओळखायचे जुने उपाय नायिकेने स्वतःच्या ग्रंथात क्रमवार छापलेत: अंड्याच्या टरफलात पाणी उकळायला ठेवायचं म्हणजे बदली चकित होऊन आपलं वय बोलून जाते, हा त्यातला निरुपद्रवी उपाय. बाकीचे लोखंडाचे आणि विस्तवाचे. तिच्याच पुस्तकाची प्रत हातात घेऊन कुणी तिच्या नवऱ्याकडे संशयाने बघतंय, हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. तो हसतखेळत सुरू होऊ शकतो, टरफलाच्या पाण्यापासून, आणि वाचकाच्या पोटात गोळा येईपर्यंत जाऊ शकतो. मग त्याला परत शेकोटीपाशी आणा.

आता प्रेम. ‘प्रेम जमून गेलं’ हे वाक्य तुमच्याच प्रश्नात आहे आणि घोटाळा तिथेच आहे. वेल्समधल्या लिन अ वान वाख नावाच्या तळ्याची कथा बघा. तळ्यातली बाई शेतकऱ्याशी लग्न करते ती एका अटीवर: विनाकारण तीनदा मारलंस तर मी जाईन. तो चांगला माणूस आहे, मारझोड करणारा नाही. एकदा बाप्तिस्म्याला जायला ती टाळाटाळ करते म्हणून तो हातमोज्याने हलकेच टोकतो. एकदा लग्नात ती रडते, एकदा मयताला हसते, दोन्ही वेळा तो खांद्याला हात लावून ‘अगं, हे काय’ करतो. तीन झाले. ती आपली गुरंढोरं हाका मारून गोळा करते आणि तळ्यात निघून जाते. शेताला जुंपलेले बैलसुद्धा नांगरासकट जातात. संसारात माणसं दुरावतात ती अशीच, मोठ्या विश्वासघाताने नाही. बायको वेगळ्या हिशेबाने जगते आणि नवऱ्याला ते लोकांसमोर अवघड वाटतं, एवढंच कारण. दुसऱ्या भागात तिसरी व्यक्ती आणून मत्सर घडवू नका. त्या दोघांमध्ये एक अट ठेवा, आणि ती अट मोडायचे तीन छोटे प्रसंग लिहा. दोन मोडले गेले की वाचक श्वास रोखून तिसऱ्याची वाट बघतो.

तुमच्या जोडीला अट शोधायला लांब जायला नको. तो नकाशे करतो. स्कॉटलंडची मोजणी झाली तेव्हा खात्याने गावोगावची नावं वह्यांमध्ये उतरवली, आणि प्रत्येक नावापुढे ते कुणाला विचारून लिहिलं हे नोंदवलं. पाद्री, मास्तर, जमीनदाराचा कारभारी. टेकडीशेजारी राहणाऱ्या म्हातारीला क्वचितच विचारलं जायचं. त्याचं काम नाव ठरवून ते छापणं. तिचं काम गोष्ट ऐकून ती छापणं. दोघांनाही ठाऊक आहे की टेकडीवाल्यांना छापलेलं आवडत नाही.

एक संध्याकाळ कल्पून बघा. सुधारित आवृत्तीचं प्रूफ टेबलावर पसरलंय. तो दौत उजव्या कोपऱ्यावर ठेवतो, कागद गुंडाळू नये म्हणून. ती चहा घेऊन येते आणि बघते की दौत नेमकी त्या टेकडीवर ठेवलीय. उचलते. खाली नाव नाही, नुसती उंचीची आकडेवारी. सात वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत नाव होतं. त्याने ते कधी काढलं, तिला का सांगितलं नाही? ते खात्याच्या नियमात बसतं का? तो म्हणतो, छपाईत गळलं असेल. आजवर त्याच्या हातून नकाशात काही गळलेलं नाही हे तिला पक्कं माहीत आहे. ती काही बोलत नाही, दौत परत जागेवर ठेवते, आणि मग स्वतःच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचं प्रूफ काढून अकराव्या प्रकरणावर काट मारते. याहून मोठा प्रेमप्रसंग तुमच्या पुस्तकात नसला तरी चालेल.

सुईणीची एक कथा मी मुद्दाम मागे ठेवली होती, ती पुस्तकाच्या कण्यासारखी वापरता येईल. रात्री अनोळखी घोडेस्वार सुईणीला बाळंतपणाला नेतो. बाळ होतं, तिच्या हाती मलम देतात, बाळाच्या डोळ्यांना लाव, स्वतःच्या लावू नकोस. तिचा डोळा खाजतो, बोट जातंच. पुढे बाजाराच्या दिवशी तिला तोच माणूस दिसतो, टोपल्यांमधून लोणी उचलणारा, बाकी कुणालाच न दिसणारा. ती आपुलकीने विचारते, बाळबाळंतीण बरी आहेत ना? तो म्हणतो, उत्तम. मी तुला कोणत्या डोळ्याने दिसलो? ती दाखवते, आणि त्या डोळ्याची दृष्टी जाते. इथे बाईला तिची चौकशी, तिचं सौजन्य महागात पडतं. संशोधकाचा धंदाच मुळी चौकशीचा. नायिकेला टेकडीचं खरं रूप दिसतं हे तिने पहिल्या भागापासून सात वर्षं लपवलं असेल, तर दुसऱ्या भागात ती कुणाची तरी ख्यालीखुशाली विचारते आणि सापडते, अशी सुरुवात करून बघा.

काही किरकोळ गोष्टी, पण हस्तलिखितांत नेहमी चुकणाऱ्या. पंख काढून टाका. जुन्या कथांमधल्या पऱ्या माणसाएवढ्या किंवा लहान मुलाएवढ्या, हिरव्या कपड्यांतल्या. फुलपाखराचे पंख ही एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीची, चित्रांची आणि बालपुस्तकांची देणगी. इंग्लंडमधल्या कॉटिंग्लीच्या मुलींनी काढलेले पंखवाल्या पऱ्यांचे ते प्रसिद्ध फोटो तर १९१७ आणि १९२० मधले, आणि कागदी पऱ्या टाचण्यांनी उभ्या केल्याची कबुली आली १९८३ मध्ये. बेटावरच्या घराला धुराडं दाखवायचं असेल तर जपून. जुन्या ‘काळ्या घरां’त पीटची (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची) आग मधोमध, धूर छपरातून जाईल तसा जाईल, आणि त्याच छपराखाली पलीकडे गुरं. विणलेलं लोकरी कापड बडवताना बायकांची गाणी प्रत्येक जण लिहितो, ती सुंदरच आहेत. ते कापड शिळ्या मुतात भिजवलेलं असायचं हे कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहा, केंब्रिजच्या बाईचा चेहरा बघण्यासारखा होईल. तळटीपा ठेवायच्या तर थोड्या, आणि त्यांनी भांडावं. मजकुरात ती ठामपणे काही म्हणते आणि तळटीपेत नवऱ्याने पेन्सिलीने ‘हे मी तिथे असताना असं नव्हतं’ लिहिलंय, अशी तळटीप चालेल. नुसती माहितीची नको.

आवाज कानात बसण्यासाठी टोबर अन डुआल्हाइश या स्कॉटिश ध्वनिसंग्रहात शिरा. जुनी माणसं गॅलिकमधून बोलताना ऐकू येतात, भाषा कळली नाही तरी कथा सांगताना माणूस कुठे थांबतो ते कळतं. आयर्लंडच्या शाळकरी मुलांनी १९३७ पासून पुढच्या दोनेक वर्षांत घरच्या वडीलधाऱ्यांकडून लिहून आणलेला प्रचंड संग्रह दूखस या संकेतस्थळावर आहे. तिथल्या हस्ताक्षरातल्या दीड-दोन पानी गोष्टी वाचा. काळ तुमच्यापेक्षा नंतरचा, पण सांगणारे आजी-आजोबा तुमच्याच काळात तरुण होते.

राहता राहिला शेवट. १९०९ चा हॅलोवीन, ३१ ऑक्टोबर, हा रविवार होता. तुमचं बेट कुठलं, यावर आता बरंच काही ठरेल. एरिस्के, बारा, साउथ यूइस्ट ही कॅथलिक बेटं, तिथे प्रार्थना आटोपली की माणसं मोकळी. लुइस, हॅरिस, नॉर्थ यूइस्टकडे कडवे प्रेस्बिटेरियन, म्हणजे रविवार कडक पाळणारे प्रॉटेस्टंट. रविवारी आगबोट नाही, होडी नाही, शेजारीसुद्धा वल्ह्याला हात लावणार नाही. नायिका चुकीच्या किनाऱ्यावर अडकली तर सोमवारपर्यंत तिला कुणी पलीकडे नेणार नाही, आणि टेकडीची मुदत मध्यरात्रीची. तेव्हा तिला शनिवारच्या बोटीवर चढवा, किंवा रविवारी होडी बाहेर काढायला तयार होईल असा बेटावरचा एकमेव माणूस पहिल्या प्रकरणातच वाचकाला भेटवून ठेवा. तो का तयार होतो आणि बदल्यात काय मागतो, ते तुम्ही ठरवा.